लहान मुलांसाठी अळणी मटण : नुसते पाणी नव्हे, मांसही द्यावे

कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ज्या दिवशी घरी मटण शिजते, त्या दिवशी तिखट-मसाला पडण्यापूर्वी पातेल्यातील थोडे पाणी बाजूस काढून ठेवण्याची रीत आहे. हळद, आले, लसूण व थोडे मीठ एवढ्यावरच शिजविलेल्या या पाण्यास अळणी पाणी, किंवा नुसतेच अळणी, असे म्हणतात. आजारातून उठलेल्या माणसास, वृद्धास व लहान मुलास ते वाटीने पाजले जाते. मुलाचा वाटा तिखटाआधी वेगळा काढावयाचा, हा या रीतीमागील विचार शहाणपणाचा आहे. परंतु तीत एक उणीव राहून जाते. मुलाच्या वाटीत पाणी येते आणि मांस मोठ्यांच्या ताटात जाते. मांसातील सारा कस पाण्यात उतरतो, अशी समजूत अनेक घरांतून आढळते. ही समजूत बरोबर नाही. शरीर बांधणारा व रक्त वाढविणारा भाग पातेल्यात मांसाच्या फोडींतच राहतो, आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज असते तो दीड-दोन वर्षांचा जीव त्यापासून वंचित राहतो.

ही गोष्ट लहानसहान नव्हे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांच्या रक्तात आवश्यक तेवढे हिमोग्लोबिन आढळले नाही. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या, सर्वेक्षणात हेच प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. रक्त कमी असलेले मूल लवकर थकते, वारंवार आजारी पडते, त्याची भूक मंदावते आणि त्याच्या मेंदूची वाढही नीट होत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत जी वाढ खुंटते, ती पुढे भरून काढणे कठीण असते. या दोषाची कारणे अनेक आहेत. परंतु मुलाच्या आहारात सहज शोषले जाणारे लोह फार थोडे असणे, हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय. ज्या घरांत मांस खाल्ले जाते, त्या घरांना हे कारण दूर करण्याचा एक सोपा उपाय हाताशी आहे. मांस थोड्या पाण्यात, घट्ट झाकणाखाली, मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवावे व मुलाचा वाटा काढताना पाण्याबरोबर मांसही काढावे.

पाण्यात काय उतरते आणि मांसात काय राहते

मांस पुष्कळ पाण्यात उकळले असता त्यातील काही क्षार, चव देणारी द्रव्ये, थोडी चरबी व ब गटातील काही जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. हाडे व सांध्यांजवळील पांढरे चिवट पडदे विरघळून पाण्यास चिकटपणा येतो. या चिकट द्रव्यात प्रथिन असते. परंतु ते अपुऱ्या प्रतीचे असते. शरीरास लागणाऱ्या आवश्यक घटकांपैकी एक घटक त्यात नसतोच. म्हणून केवळ त्यावर मुलाचे शरीर वाढू शकत नाही.

उत्तम प्रतीचे प्रथिन मांसाच्या तंतूंत असते. कच्च्या मांसाच्या १०० ग्रॅममध्ये साधारणपणे २० ग्रॅम प्रथिन असते आणि शिजल्यानंतरही त्याचा बहुतेक भाग फोडींतच राहतो. लोहाचेही तसेच आहे. मांसाला तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यात हे लोह बांधलेले असते. शिजताना रंग तांबडा जाऊन तपकिरी होतो, पण लोह जागच्या जागी असते.

पालेभाज्या, डाळी व बाजरी यांतही लोह आहे; परंतु त्याचा फारच थोडा अंश आतड्यांतून रक्तात जातो. मांसातील लोह त्या मानाने अधिक सहज शोषले जाते. शिवाय मांस त्याच जेवणात असले म्हणजे भाकरी, डाळ व भाजी यांतील लोहही अधिक प्रमाणात शोषले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकास दररोज सुमारे ८ मिलिग्रॅम लोह मिळाले पाहिजे. मांसाच्या लहानशा वाट्याने ही सर्व गरज भागत नाही, हे खरे. तथापि तो वाटा मुलाच्या ताटातील इतर अन्नाचाही उपयोग वाढवितो, हे त्याचे खरे मोल आहे. रक्त तयार होण्यास व मज्जातंतूंच्या वाढीस लागणारे ब-१२ हे जीवनसत्त्वही मांस, मासे, अंडी व दूध अशा प्राणिज अन्नातूनच मिळते.

मंद आचेचे कारण

मुलास मांस दिले जात नाही याचे एक कारण व्यवहाराचे आहे. पहिल्या दाढा साधारणतः सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास येतात आणि मागच्या दुधाच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांपर्यंत येत राहतात. तोपर्यंत मुलास चिवट फोड चावता येत नाही. ते ती चोखून टाकून देते, किंवा गिळावयास जाते आणि ती घशात अडकते. म्हणून मांसच असे शिजविले पाहिजे की ते चावण्याची फारशी गरज राहू नये.

जनावराच्या ज्या अवयवांना अधिक श्रम पडतात, उदाहरणार्थ मान, खांदा व पाय, तेथील मांसात चिवट पडदे अधिक असतात. मोठ्या आचेवर घाईने शिजविल्यास तंतू आकसतात, त्यांतील रस बाहेर पडतो आणि मांस कठीण होते. याउलट थोड्या पाण्यात, वाफ कोंडून, मंद आचेवर दीड-दोन तास ठेवल्यास हेच पडदे हळूहळू विरघळतात, तंतू एकमेकांपासून सुटतात आणि मांस बोटाने दाबताच विलग होते. पाणी थोडेच असल्यामुळे जे काही त्यात उतरते ते दाट रश्श्याच्या रूपाने मांसाबरोबरच राहते. फेकून काहीच दिले जात नाही.

यासाठी निराळे साधन नको. जाड बुडाच्या पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घालण्याची जी पद्धत आपल्या घरांतून चालत आली आहे, ती या कामास उत्तम होय. ताटातील पाण्यामुळे झाकण थंड राहते, आतील वाफेचे पुन्हा पाणी होऊन ते मांसावर पडते आणि बूड लागत नाही. ताटातील पाणी गरम होते, ते लागल्यास आत घालण्यास उपयोगी पडते. शिजत्या मांसात गार पाणी कधीही घालू नये.

मांसाची निवड

कोवळ्या बोकडाचे ताजे मांस घ्यावे. रंग गुलाबी-तांबडा, चरबी पांढरी व वास स्वच्छ असावा. पुढच्या पायाचा खांद्याकडील भाग व मान हे भाग मंद आचेवर चांगले मऊ होतात. मुलाच्या वाट्यासाठी एक-दोन मोठ्या, शक्य तर बिनहाडाच्या फोडी खाटकाकडून मुद्दाम मागून घ्याव्यात. मांस बारीक तोडून घेतल्यास हाडांच्या किरचा त्यात मिसळतात, आणि त्या लहान मुलास अपायकारक असतात.

बोकडाऐवजी गावरान कोंबडीचे मांसही या रीतीने शिजविता येते. वयस्क कोंबडीस सव्वा ते दीड तास लागतो. बाजारातील बॉयलर कोंबडी पाऊण तासात शिजते. कोंबडीची हाडे बारीक व टोकदार असल्यामुळे ती वेचताना अधिक काळजी घ्यावी.

आजारी पडलेल्या किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस कोणत्याही परिस्थितीत घरात आणू नये. काळपुळीसारखे रोग अशा मांसातून व ते हाताळण्यातून माणसास होतात. तसेच शेळीस किंवा कोंबडीस औषध दिले असल्यास त्या औषधासाठी पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत तिचे मांस खाण्यास वापरू नये.

साहित्य

पाच माणसांच्या कुटुंबास व एका लहान मुलास पुरेल असे प्रमाण पुढे दिले आहे.

बोकडाचे मांस, हाडांसह – ५०० ग्रॅम
कांदे, मध्यम – २
लसूण – ५ ते ६ पाकळ्या
आले – बोटाच्या एका पेराएवढे
हळद – पाव चहाचा चमचा
तेल – १ मोठा चमचा
लाल भोपळा – १५० ग्रॅम
गाजर – १
बटाटा – १
टोमॅटो – १
गरम पाणी – दीड ते दोन वाट्या
लिंबू – अर्धे

भोपळा किंवा गाजर न मिळाल्यास परसबागेत जे असेल ते, म्हणजे दुधी, दोडका किंवा मूठभर कोवळी मेथी, घालण्यास हरकत नाही.

कृती

१. आले व लसूण वाटून घ्यावे. कांदा बारीक चिरावा. भाज्या धुऊन मोठ्या फोडी कराव्यात. भाज्या आधी चिराव्यात व मांस मागाहून कापावे. कच्च्या मांसास लागलेली विळी, पाट व हात साबणाने स्वच्छ धुतल्यावाचून दुसऱ्या अन्नास लावू नयेत.

२. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून कांदा तांबूस होईपर्यंत परतावा. त्यावर आले-लसूण व हळद घालून थोडे परतावे.

३. मांस घालून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे परतावे. प्रथम मांसास पाणी सुटते. ते आटून फोडींना तपकिरी रंग येऊ लागला म्हणजे ही पायरी पुरी झाली असे समजावे. मांसास चव येते ती या पायरीत. येथे घाई करू नये.

४. दीड वाटी गरम पाणी घालावे. पाणी मांसाच्या निम्म्या उंचीपर्यंत यावे. मांस पूर्ण बुडू नये. एक उकळी आली की चुलीतील लाकडे मागे ओढावीत व पातेले निखाऱ्यांच्या धगीवर ठेवावे. शेगडी असल्यास आच अगदी बारीक करावी. वर पाण्याचे ताट झाकावे.

५. असे एक ते सव्वा तास शिजू द्यावे. मधून दोन-तीन वेळा हलवावे. रस्सा फार आटल्यास ताटातील गरम पाणी त्यात घालावे. आत खळखळून उकळी नसावी. मधूनच बुडबुडा यावा एवढीच धग पुरे.

६. मांस जवळजवळ शिजले की भाज्यांच्या व टोमॅटोच्या फोडी घालून आणखी वीस-पंचवीस मिनिटे झाकण ठेवावे. मांस हाडापासून सुटू लागले व उलथन्याच्या टोकाने दाबताच त्याचे तंतू विलग झाले, म्हणजे ते तयार झाले. जून बोकडाचे मांस असल्यास एकंदर दोन-सव्वादोन तास लागतात.

७. आता, मीठ व तिखट घालण्यापूर्वी, मुलाचा वाटा काढून घ्यावा. तो काढल्यानंतर पातेल्यातील उरलेल्या मांसात मीठ, कांदा-लसूण मसाला व भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण घालून नेहमीप्रमाणे घरच्यांसाठी मटण करावे. अशा रीतीने एका चुलीवर व एका पातेल्यात दोघांचेही जेवण होते. मुलासाठी वेगळा स्वयंपाक करण्याचे श्रम माउलीस पडत नाहीत.

प्रेशर कुकर असल्यास पहिल्या तीन पायऱ्या कुकरमध्येच कराव्यात. नंतर एक वाटी गरम पाणी घालून झाकण लावावे. पहिली शिटी झाल्यावर आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. वाफ आपोआप जिरल्यावर झाकण काढावे, भाज्या घालाव्यात व त्या उघड्यावर मऊ होऊ द्याव्यात. शेतीच्या हंगामात वेळ व सरपण वाचविण्यास ही पद्धत बरी.

मुलाचा वाटा कसा तयार करावा

मुलाच्या वाट्याचे मांस स्वच्छ ताटलीत काढून कोमट होऊ द्यावे. हात धुऊन बोटांनी प्रत्येक फोड उकलून पाहावी. हाडाची किरच, कूर्चा, चिवट शीर व चरबीचा गोळा वेगळा काढावा. ही तपासणी डोळ्यांनी करून भागत नाही, बोटांनीच करावी.

त्यानंतर वयाप्रमाणे मांस तयार करावे. एक ते दीड वर्षाच्या मुलासाठी ते रश्श्यात कुस्करून भाजीसह एकजीव करावे. दीड ते दोन वर्षांच्या मुलासाठी तंतू आडवे तोडून बारीक पिंजावे. दोन वर्षांनंतर हरभऱ्याच्या डाळीएवढे मऊ तुकडे द्यावेत, म्हणजे मुलास चावण्याची सवय लागते.

हे मांस व भाजी मऊ भातात, किंवा गरम रश्श्यात भिजवून मऊ केलेल्या ज्वारीच्या भाकरीत कालवावी. चवीस लागल्यास मीठ चिमटीच्या टोकाएवढेच घालावे. या वयाच्या मुलाच्या दिवसभराच्या आहारात मीठ दोन ग्रॅमपेक्षा कमी असावे. मीठ आयोडीनयुक्त असावे. वाढताना लिंबाचे चार-पाच थेंब पिळावेत. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते; परंतु ते उष्णतेने नाश पावत असल्यामुळे लिंबू शिजताना न घालता शेवटीच पिळावे.

प्रथमच मांस देताना एका लहान चमच्यापासून आरंभ करावा व दोन-तीन दिवस पाहावे. मुलास ते मानवले की वाटा वाढवीत दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, शिजलेल्या मांसापर्यंत न्यावा. शिजताना मांसाचे वजन सुमारे एक तृतीयांश घटते. म्हणजे ३० ग्रॅम शिजलेल्या मांसासाठी कच्चे बिनहाडाचे मांस सुमारे ४५ ग्रॅम लागते. अर्ध्या किलोतून एवढा वाटा निघाल्याने घरच्यांच्या ताटात फारशी तूट येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसातून तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी जेवण व मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा. त्याबरोबर आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. आठवड्यातून एक-दोन जेवणांत मांस मिळाले तरी ते उपयोगाचे आहे. इतर दिवशी अंडे, मासळी, डाळ, उसळ व दूध यांची योजना करावी. श्रावणात किंवा वाराच्या दिवशी घरी मांस-अंडी वर्ज्य असल्यास मुगाची डाळ, दूध-दही व लिंबू पिळलेली पालेभाजी यांकडे अधिक लक्ष द्यावे. जी कुटुंबे मुळातच शाकाहारी आहेत, त्यांनीही हीच योजना वर्षभर चालवावी आणि मुलाच्या रक्ताची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी.

कलेजीत लोह व अ जीवनसत्त्व विपुल असते. तथापि अ जीवनसत्त्वाचा अतिरेक लहान मुलास बाधतो. म्हणून पूर्ण शिजलेला, बोराएवढा एकच तुकडा कुस्करून द्यावा आणि तोही आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा देऊ नये.

जेवणाच्या वेळी चहा देऊ नये. खेड्यांतून लहान मुलास चहात बुडविलेले बिस्किट देण्याची सवय वाढली आहे. चहातील तुरट द्रव्य लोहाचे शोषण रोखते, आणि मांस देऊनही त्याचा लाभ कमी होतो. तेव्हा चहा या वयात न दिलेलाच बरा.

सावधगिरी

मुलास मांडीवर किंवा जमिनीवर सरळ बसवून, शांतपणे, लहान घासांनी भरवावे. झोपवून, पळवीत किंवा हसवीत भरवू नये. जेवताना मोठे माणूस जवळ असावेच. चोखण्यासाठी नळी किंवा हाड मुलाच्या हाती देऊ नये.

घास अडकून मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, त्यामुळे घास अधिक आत जातो. खोकता वा रडता येत नसेल, तर मुलास पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळव्याने पाच ठोसे द्यावेत व मदत बोलावून तत्काळ दवाखान्यात न्यावे. अंगणवाडीसेविका व आशा कार्यकर्ती यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात याचे प्रात्यक्षिक करून घ्यावे.

शिजलेले मांस दोन तासांहून अधिक वेळ उघड्या हवेत राहू देऊ नये. कडक उन्हाळ्यात एक तासच मर्यादा समजावी. शीतकपाट असल्यास लवकर थंड करून त्यात ठेवावे, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावे आणि एकदाच, चांगली उकळी आणून गरम करावे. शीतकपाट नसल्यास रात्रीचे मांस सकाळी मुलास देऊ नये.

काही समजुती

मांस लहान मुलास पचत नाही, असे म्हटले जाते. चिवट, तेलकट व तिखट मांस त्यास बाधते हे खरे. परंतु मऊ शिजवून कुस्करलेले मांस सहा महिने पूर्ण झालेल्या, वरचे अन्न घेऊ लागलेल्या मुलासही थोड्या प्रमाणात देता येते.

मांसाने जंत होतात, अशी दुसरी समजूत आहे. आपल्याकडील मुलांच्या पोटातील जंतांचा प्रसार मुख्यतः विष्ठेने दूषित झालेली माती, अस्वच्छ हात व न धुतलेल्या भाज्या यांमुळे होतो. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसापासून काही जंतांची बाधा होते. पूर्ण शिजविलेल्या मांसात ते जिवंत राहत नाहीत. घरी जनावर कापल्यास गाठी असलेली फुप्फुसे व कलेजी कुत्र्यास घालू नये, ती खोल पुरावी. कुत्र्याच्या द्वारे हा रोग पुन्हा माणसांपर्यंत पोहोचतो. एक वर्षानंतर मुलास अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी अवश्य द्यावी.

मांस दिले म्हणजे लोहाचे औषध नको, असेही समजू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी शासनाकडून मिळणारे लोहयुक्त औषध आठवड्यातून दोनदा ठरल्याप्रमाणे द्यावे. आहार व औषध ही परस्परांस पूरक आहेत.

घरचे उत्पादन, घरचे मूल

उस्मानाबादी, संगमनेरी किंवा स्थानिक जातीच्या दोन-चार शेळ्या व परसात काही कोंबड्या अनेक लहान शेतकऱ्यांकडे असतात. गिरिराज, वनराज यांसारखे परसातील पालनास योग्य पक्षीही आता सर्वत्र पाळले जातात. परंतु बोकड बाजारात जातो, कोंबडी पाहुण्यासाठी राखली जाते आणि अंडी दुकानात विकून त्या पैशाने चहा-साखर येते. रोख पैशाची गरज कोणीही नाकारणार नाही. तथापि ज्याप्रमाणे शेतकरी सारे धान्य न विकता बियाणे राखून ठेवतो, त्याप्रमाणे घरच्या उत्पादनातील थोडा भाग घरच्या लहान मुलासाठी राखणे अगत्याचे आहे. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तेथे आठवड्यातील तीन-चार अंडी व महिन्यातून एखादी कोंबडी विकावयाची नाही, असा नेम करावा. अंगणातील लाल भोपळ्याचा एक वेल व लिंबाचे एक झाड यांची त्यास जोड मिळाली, म्हणजे येथे सांगितलेल्या जेवणाचे बरेचसे साहित्य दारातच उपलब्ध होते.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ही गोष्ट व्याख्यानाने पटत नाही. ती दाखवावी लागते. गावातील मांसाहारी कुटुंबांतील माता, सासवा व पुरुष मंडळी यांना एकत्र बोलावून, एखाद्या घरच्या चुलीवर वरील कृती प्रत्यक्ष करावी. सासूबाईंना आवर्जून बोलवावे, कारण बहुतेक घरांत मुलास काय द्यावयाचे याचा निर्णय त्यांचा असतो. पुरुषांनाही बोलवावे, कारण बाजारातून मांस आणणारे तेच असतात आणि पहिले ताट बहुधा त्यांचेच वाढले जाते.

मांस शिजत असताना एक सोपा प्रयोग करावा. नेहमीप्रमाणे पुष्कळ पाण्यात शिजविलेल्या मांसाचे वाटीभर अळणी पाणी लहान कढईत घेऊन सर्वांसमोर आटवावे. तळाशी थोडासा चिकट, तेलकट थर तेवढा उरतो. त्याच्या शेजारी बशीत दोन चमचे कुस्करलेले मांस ठेवावे. वाटीभर पाण्यात किती आहे व मांसात किती आहे, याचा उलगडा पाहणारास आपोआप होतो. नंतर मातांकडून त्यांच्या मुलांचा वाटा त्यांच्याच हातांनी वेचून, कुस्करून व कालवून घ्यावा आणि मुलांना भरवावा. पुढील दोन-तीन महिने अंगणवाडीत होणाऱ्या वजनाच्या वेळी त्या मातांकडे चौकशी करून मांस व अंडी किती वेळा दिली याची नोंद ठेवावी. ज्या मुलाचे वजन वाढत नाही किंवा जे फिकट दिसते, त्यास डॉक्टरांकडे पाठवावे.

तिखट पडण्यापूर्वी मुलाचा वाटा काढण्याची जुनी रीत टाकून देण्याचे कारण नाही. ती पूर्ण करावयाची आहे. त्यासाठी लागते ती दीड तासाची मंद धग, दोन चमचे मांस वेचून घेण्याची सवड, आणि जत्रा असो वा आठवड्याचा बाजार, पातेले उतरल्यावर पहिली वाटी घरातील सर्वांत लहान जिवाची असा घराचा नियम.